३६ टक्के म्हणजे ६४ नापास नव्हेत

ऑगस्ट महिना उजाडला की कॅरिबियन देशांत, किंग्स्टनपासून जॉर्जटाउनपर्यंत, एकच ओरड सुरू होते: गणितात पोरं बुडाली. २०२४ साली तिथल्या ‘सीसेक’ या शालान्त परीक्षेत गणितात पहिल्या तीन, म्हणजे उत्तीर्ण मानल्या जाणाऱ्या, श्रेणी मिळवणारे ३६ टक्के निघाले. मग ‘शंभरातली ६४ मुलं नापास’ हे वाक्य तयारच असतं. आपल्याकडच्या वाचकाला तर ते लगेच पटतं, कारण त्याच वर्षी महाराष्ट्रात दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला होता. कुठे आपण, कुठे ते!

पण ही तुलनाच चुकीची आहे. दहावीची टक्केवारी अख्ख्या परीक्षेची असते. सीसेकमध्ये ‘अख्खी परीक्षा पास’ असा प्रकारच नाही. मूल विषय निवडतं, प्रत्येक विषयाला एक ते सहा यांपैकी श्रेणी मिळते, प्रमाणपत्रावर विषय आणि त्याची श्रेणी येते. गणितात चौथी श्रेणी मिळालेला मुलगा इतिहासात पहिल्या श्रेणीत असू शकतो. त्याचं वर्ष बुडत नाही, जानेवारीत तो गणिताला पुन्हा बसू शकतो. त्याला ‘नापास विद्यार्थी’ कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

आता दुसरी बाजू, जी सांगितली की ओरडणारेही गप्प होतात. हे ३६ टक्के परीक्षेला बसलेल्यांतले आहेत. जे बसलेच नाहीत, त्यांचं काय? कच्च्या मुलांची नावं काही शाळा परीक्षेला पाठवतच नाहीत, अशी तक्रार जमैकात जुनी आहे. म्हणूनच तिथली ‘एज्युकेट जमैका’ ही संस्था शाळांची क्रमवारी लावताना वर्गातली सगळी मुलं धरते, नुसती बसलेली नव्हे. छेद बदलला की नामांकित शाळेचाही आकडा घसरू शकतो. थोडक्यात, ‘६४ नापास’ म्हणणारा अतिशयोक्ती करतो आणि त्याच वाक्यात खरं दुखणं झाकतोही.

‘दर्जा दरवर्षी घसरतोय’ हे तर किती वेळा ऐकायचं! गणिताचे आकडे पाहा: २०१२ मध्ये ३३ टक्के, २०१५ मध्ये ५७, लगेच २०१६ मध्ये ४४, २०२२ मध्ये ३७, २०२३ मध्ये ४३, मग ३६. याला घसरण नव्हे, हेलकावे म्हणतात. काळजी वाटावी ती याची की इतक्या वर्षांत आकडा निम्म्याच्या फारसा वर टिकलाच नाही. २०२० साल तर या रांगेत धरूच नये. कोविडमुळे लेखी उत्तरांची दुसरी प्रश्नपत्रिका रद्द झाली आणि बहुपर्यायी प्रश्न व शाळेतल्या प्रकल्पावर श्रेणी दिल्या गेल्या. त्या श्रेण्यांवर इतका गदारोळ झाला की प्रा. हेझल सिमन्स-मॅकडॉनल्ड यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्या आजोबांना दोन गोष्टी सांगाव्यात. १९९८ पूर्वी श्रेणी पाच होत्या आणि पहिल्या दोनच उत्तीर्ण मानत. त्या वर्षापासून सहा झाल्या आणि तिसरीही चालू लागली, तेव्हा अलीकडचे-पलीकडचे आकडे एका रेषेत जोडता येत नाहीत. शिवाय पूर्वी निवडक मुलंच माध्यमिक शाळेत पोचायची. सर्वांना माध्यमिक शिक्षण त्रिनिदादमध्ये २००० साली आलं, सेंट व्हिन्सेंटमध्ये २००५, सेंट लुशियात २००६.

बाकीचे समज किरकोळ. पेपर इंग्लंडमधून येतात? नाही, सीसेक घेणारं सीएक्ससी हे मंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय बार्बाडोसला, पहिली परीक्षा १९७९ मध्ये. हे एका देशाचं मंडळ आहे? वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघासारखंच, अनेक देशांचं मिळून एक. बहामाजची शालान्त परीक्षा मात्र वेगळी. लहान बेटं जास्त हुशार? माँटसेरातमध्ये एकच सरकारी माध्यमिक शाळा आहे, चार-पाच मुलं इकडची तिकडे झाली की टक्केवारी उडी मारते. आणि इंग्रजी ही घरचीच भाषा, म्हणून त्या विषयात २०२४ ला ७६ टक्के? जमैकातली बरीच मुलं घरी पात्वा ही तिथली बोली बोलतात, इंग्रजी त्यांना शाळेतच शिकावं लागतं.