भवानीबाईंनी रांधलेला स्वातंत्र्यलढा

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या चेपुआ गावी शंभरी ओलांडलेल्या भवानी महातो पत्रकार पी. साईनाथांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, की स्वातंत्र्यलढ्याशी माझा काही संबंध नाही. १९४२च्या आंदोलनात तुरुंगात गेले ते त्यांचे पती वैद्यनाथ. पेन्शनही त्यांचंच. एखादा घाईतला बातमीदार एवढ्यावर वही मिटून उठला असता. साईनाथ बसून राहिले आणि घरातल्या कामाबद्दल विचारू लागले. मग हळूहळू उलगडत गेलं. पती तुरुंगात असताना शेती बाईच कसत होत्या, मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक त्यांच्यावर होता आणि त्यातच रानात लपलेल्या भूमिगतांसाठीही त्या रांधत होत्या. पकडल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मौखिक इतिहास म्हणजे म्हाताऱ्या माणसासमोर रेकॉर्डर ठेवणं, असा समज आहे. माझ्या मते त्याचा सगळा कस प्रश्नात आहे. ‘तुम्ही लढ्यात होतात का?’ याला भवानीबाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाल्या. कारण लढा म्हणजे मोर्चा, लाठी, तुरुंग, हेच त्यांनाही शिकवलं गेलं होतं. सरकारची व्याख्याही तशीच. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही ठळक अट. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. चुलीपुढच्या जोखमीला त्यात रकाना नाही. ‘द लास्ट हीरोज’ (२०२२) या पुस्तकात साईनाथ भांडतात ते याच व्याख्येशी.

ही नजर त्यांना पत्रकारितेनेच दिली. १९५७ साली मद्रासमध्ये जन्म, जेएनयूत इतिहासाचं शिक्षण, मग वृत्तसंस्था आणि मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात डेप्युटी एडिटरचं पद. १९९३मध्ये फेलोशिप घेऊन ते देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत हिंडले. त्यातून झालेलं पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ म्हणून आलं. पुढे ‘द हिंदू’साठी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी ते वर्षानुवर्षं जात राहिले. २००७मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०१४मध्ये त्यांनी ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, सुरू केलं. उद्याच्या अंकाची घाई तिथे नाही. नाव, गाव, साल नीट टिपण्याची बातमीदाराची शिस्त मात्र कायम आहे.

आपल्याकडच्या, सांगली जिल्ह्यातल्या कुंडल-विट्याच्या आठवणी वाचताना ही शिस्त जाणवते. ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेल्या प्रतिसरकारच्या सशस्त्र तुफान सेनेतले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, ७ जून १९४३चा शेणोलीचा हल्ला सांगतात. पुणे-मिरज गाडीतून पगाराची रक्कम चालली होती, ती त्यांच्या तुकडीने काढून घेतली. याला लूट म्हटलेलं त्यांना अखेरपर्यंत खपलं नाही. लोकांचाच पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई सांगतात ते पोलीस चौकीसमोर केलेल्या घरगुती भांडणाच्या नाटकाबद्दल. पोलीस त्या आरडाओरड्यात गुंतले आणि साथीदारांनी चौकीतली शस्त्रं उचलली. हौसाबाई २०२१मध्ये गेल्या, भाऊ त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच. आणखी थोडा उशीर झाला असता तर हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नसतं, या विचाराने आजही चुटपुट लागते.

स्मृती चुकते, हा आक्षेप खरा आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचा तपशील सरकतो, आकडे फुगतात; म्हणून कागदाशी ताडून पाहणं टळत नाही. पण भवानीबाईंच्या चुलीची नोंद ब्रिटिशांच्या कोणत्या दप्तरात शोधायची?

दप्तराबाहेर राहिलेल्या अशा आठवणींसोबत ‘पारी’ने जात्यावरच्या ओव्याही जपल्या आहेत. अभ्यासक हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून त्या गोळा केल्या होत्या; संख्या एक लाखाच्या वर जाते. सासुरवास, माया, जात, बाबासाहेब, पंढरी, सगळं त्यांत आहे. लोकगीत म्हटलं की रचणारी-गाणारी बाई निनावी, ही आपली जुनी सवय. इथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहिलेलं असतं.