वेळासची कासवे आणि आपले नांदूर

द्राक्षाची खुडणी उरकली की खरड छाटणीला हात लागेपर्यंत चार दिवस सवड मिळते. त्या सवडीत मुलाबाळांना घेऊन कोकणात जाणार असाल, तर नुसते समुद्रात डुंबून परत येऊ नका. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास गाव जरूर पाहा. मार्च-एप्रिलमध्ये तिथे समुद्री कासवाची पिल्ले पाहावयास मिळतात. त्याहून पाहण्यासारखे आहे, ते गावाने ती कशी जपली हे.

'ऑलिव्ह रिडले' जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळून बघत नाही. पुढची ऊब वाळूची. सुमारे ४५ ते ५५ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. गंमत अशी, की वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर जास्त.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरत आणि माणसेही खाण्यासाठी, विकण्यासाठी नेत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने वन विभाग व ग्रामस्थांच्या साथीने संरक्षण सुरू केले. पहाटे किनाऱ्यावर मादीचा माग काढायचा, अंडी अलगद उचलायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. आपण रोपवाटिका जपतो, तशीच ही राखण.

२००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, जेवणही घरचेच. अंडे विकले तर पैसा एकदाच. जपले तर दरवर्षी हंगामाला घरात चार पैसे येतात. हिशेब सरळ आहे.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पिल्ले सकाळी व सायंकाळी समुद्राकडे सोडतात. मात्र ती अमुक दिवशी निघतीलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी आणि दोन मुक्काम धरूनच जावे. दोरीच्या मागे उभे राहावे. बॅटरी किंवा फ्लॅश लावू नये. पिल्लू उजेडाकडे वळते आणि वाट चुकते. हात तर मुळीच लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात तिथे परदेशी पक्षी उतरतात, पाहायला माणसेही येतात. पण अभयारण्य म्हणजे नुसती बंधने, असे कुणी पारावर म्हणाले तर त्याला काय उत्तर द्याल? पाहुणा सकाळी आला आणि दुपारी शहरात जेवायला परतला, तर गावाच्या पदरात काय पडणार?

म्हणून सरपंच व ग्रामसेवक मंडळींना सुचवावेसे वाटते. हा विषय ग्रामसभेत घ्या. पाहुणे उतरवण्याजोगी घरे कोणती, शौचालय व पिण्याच्या पाण्याची सोय कुठे आहे, पक्ष्यांची नावे सांगू शकतील अशी पोरं-पोरी किती, याची यादी करा. महिला बचत गटांना जेवणाचे काम द्या. आणि त्याआधी गावातली चार माणसं हंगामात वेळासला पाठवा. तिथल्या घरात मुक्काम करून, तिथल्या बायाबापड्यांना विचारून जे कळेल, ते कुठल्याही शिबिरात कळणार नाही.