गोव्यातील चर्चच्या नोंदवह्या आणि पूर्वजांचा माग

गोव्यातील ख्रिस्ती घराण्यांच्या पूर्वजांचा माग काढण्याचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे पॅरिशच्या, म्हणजेच एका धर्मगुरूच्या अखत्यारीतील चर्च-परिसराच्या, नोंदवह्या होत. विवाहाची वही ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातला.

बाप्तिस्म्याच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, नोंदीत बालकाचे नाव, दिनांक आणि आईवडील यांच्याबरोबरच धर्मपिता व धर्ममाता यांचीही नावे येतात. ही मंडळी पुष्कळदा नात्यातलीच असल्यामुळे त्यांच्यावरून आजोळचे घराणे उजेडात येऊ शकते, आणि म्हणूनच ती ओळ कधीही वगळू नये.

खरी अडचण आडनावांची आहे. धर्मांतराच्या वेळी धर्मगुरूचे वा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव स्वीकारले जात असल्यामुळे एकाच गावात रक्ताचे नाते नसलेली अनेक फर्नांडिस घराणी आढळतात, आणि अशा वेळी वाड्याचा उल्लेख सापडला तर तोच गुंता सोडवतो.

लेखकूची लघुरूपेही ओळखावी लागतात. मारिया हे नाव पहिले अक्षर आणि त्याच्या डोक्यावर बारीक काढलेले शेवटचे अक्षर एवढ्यातच आटोपलेले असते. दफनाच्या नोंदीतील वय मात्र बहुधा अंदाजाने लिहिलेले असल्याने, त्यावरून जन्मवर्ष काढताना मागेपुढे काही वर्षांच्या नोंदी चाळणे आवश्यक ठरते.

एखाद्या जुन्या नोंदीतील अक्षर किंवा लघुरूप उलगडत नसल्यास वाचकांनी तो प्रश्न येथे अवश्य मांडावा.