बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : वकिली आणि जमातीची खिदमत

दहावीच्या मुलांना पुढे काय होणार असे विचारले की आमच्या रोह्यात उत्तरे ठरलेली असतात. कुणी इंजिनिअर, कुणी नर्स, कुणी 'अब्बांबरोबर कुवेतला'. वकील असे कुणी म्हणाले तर वर्ग हसतो. घरी तर 'वकिली म्हणजे खोटे बोलायचे' असे सांगून विषय मिटतो. मात्र सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावायचे असो, आखाती देशातून मुखत्यारपत्र पाठवायचे असो की घटस्फोटानंतरच्या पोटगीचा प्रश्न असो, आपल्यालाच वकिलाची पायरी चढावी लागते. म्हणून या महिन्यात अशा एका वकिलाची हकिकत सांगतो, ज्यांच्या नावावाचून मुंबईतल्या मुसलमानांच्या तालीमचा इतिहास लिहिता येत नाही.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 1844 चा, सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यातला. आधी मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण. 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्यांना विलायतेला पाठवले. मिडल टेंपलमध्ये कायदा शिकत असताना डोळे बिघडले आणि सगळे अर्धवट टाकून घरी परतावे लागले. दुसरा कुणी असता तर दुकानात बसला असता. हे पुन्हा गेले, 1867 मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

त्या काळी पक्षकार बॅरिस्टरकडे थेट जात नसे, काम सॉलिसिटरमार्फत येई. थोरले भाऊ कमरुद्दीन स्वतः सॉलिसिटर होते, हा मोठाच आधार. एका घरातला एक मुलगा शिकला की दुसऱ्याची वाट कशी सोपी होते, हे आपण आपल्या आजूबाजूलाही पाहतो.

नाव झाले, पैसा आला, तेव्हा या भावांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लामचा पाया घातला. कोकणी मुसलमानांचे रोगे घराणेही या कामात होते, हे आपल्या लोकांनी विसरू नये. 1880 मध्ये शाळा सुरू झाली. इंग्रजी शिक्षणाने ईमान जाईल, ही भीती तेव्हा घराघरात होती. बद्रुद्दीन साहेबांनी वाद फार घातला नाही, आपल्या मुलींनाही शिकवले. 1893 मध्ये बोरीबंदरसमोर अंजुमनची ती देखणी इमारत उभी राहिली. आज तिच्या शाखा आपल्या जिल्ह्यात नवीन पनवेलपर्यंत आल्या आहेत.

1887 मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष. सर सय्यद अहमद खान यांना हे पसंत नव्हते, दोघांत पत्रव्यवहारही झाला. बद्रुद्दीन साहेबांनी यावर वकिलाला शोभेल असा तोडगा काढला. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने, निदान जवळजवळ एकमताने, विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचाच नाही. पुढच्या वर्षी अलाहाबादला काँग्रेसने तसा ठरावच केला. आमच्या मते सर सय्यद यांची काळजी खोटी नव्हती. पण बाहेर राहून तक्रार करण्यापेक्षा आत जाऊन नियम लिहून घेणे हा मार्ग आम्हाला अधिक पटतो.

1895 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी खरी कसोटी लागली. पुण्यात रँडचा खून झाला होता आणि 'केसरी'तील लेखनावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली पकडले होते. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तोही फेटाळला गेला. 4 ऑगस्ट 1897 रोजी बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला, तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे. सरकारचा रोष उघड होता. पण आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, जामिनाला महत्त्वाचा प्रश्न तो, आणि टिळक हजर राहणार याविषयी शंका नव्हती. जामीन मंजूर झाला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशांपुढे टिळकांना अठरा महिन्यांची सजा झालीच. आणि जामीन मागणारे तेच दावर 1908 मध्ये न्यायमूर्ती म्हणून बसले आणि त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली! इतिहासाच्या तासाला हे सांगितले की मुले दोनदोनदा विचारतात, 'तेच दावर?'

1902 मध्ये बद्रुद्दीन साहेबांनी हंगामी मुख्य न्यायमूर्तिपद सांभाळले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले हिंदी. 1906 च्या ऑगस्टमध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. जाता जाता सांगायचे तर, पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली याच घराण्याशी नात्याने जोडलेले, आणि सुगरण पक्ष्याचा त्यांचा गाजलेला अभ्यास आपल्या किहीमचा.

आता पालकांसाठी. बारावीनंतर कायद्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा, आणि दोन्हींसाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते. मुली यात मागे राहण्याचे काहीच कारण नाही. वारसाहक्क आणि पोटगीच्या कामात आपल्या बहिणी बाई वकिलाशी जितके मोकळे बोलतात, तितके पुरुष वकिलाशी बोलत नाहीत. बोरीबंदरसमोरच्या त्याच अंजुमनच्या आवारात आज कायद्याचे महाविद्यालय आहे. त्याला नाव दिले आहे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या आंबेतच्या मुलाचे. रोह्याहून पनवेल आणि तिथून हार्बरची लोकल पकडली की शेवटच्या स्टेशनावर उतरून रस्ता ओलांडायचा.