श्वास कोठे अडतो?

‘घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो, मग दचकून उठतात’ ही पत्नीची जबानी कान-नाक-घसातज्ज्ञाने फार मोलाची मानावी, कारण झोपलेल्यास स्वतःच्या श्वासरोधाची बहुधा खबरही नसते. निद्रापरीक्षणात श्वास तासाला किती वेळा थांबला वा मंदावला, याची नोंद होते; प्रौढात ती संख्या ३० वा अधिक असल्यास हा श्वासरोधाचा विकार (स्लीप ॲप्निया) तीव्र समजतात. परंतु श्वास कोठे अडतो, याचा उलगडा झाल्यावाचून शस्त्रक्रिया मुक्रर करणे मला रास्त वाटत नाही.

जागेपणी स्नायू श्वासमार्ग ताणून धरतात, म्हणून तेव्हाची तपासणी अपुरी पडते. यास्तव, १९९१ साली लंडनच्या क्रॉफ्ट आणि प्रिंगल यांनी मांडलेल्या पद्धतीनुसार, भूलतज्ज्ञ प्रोपोफोलसारखे औषध बेताबेताने देऊन रुग्णास घोरण्याइतपत निद्रिस्त करतो, आणि नाकातून लवचिक दुर्बीण सरकवून मृदू टाळू, घशाच्या बाजूच्या भिंती, जिभेचे मूळ व स्वरयंत्रावरील झाकण यांपैकी काय मिटते, ते प्रत्यक्ष पाहिले जाते. खालचा जबडा अलगद पुढे ओढताच वाट मोकळी झाली, तर रात्री दातांवर बसवायचे साधन उपयोगी पडण्याचा संभव असतो. टाळू चहूबाजूंनी आवळत असेल, तर जिभेच्या मज्जातंतूस उत्तेजन देणारे यंत्र सहसा योग्य ठरत नाही.

ही तपासणी सर्वांनाच लागत नाही. मध्यम वा तीव्र विकारात प्रौढांस प्रथम हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्रच सुचवितात. ते सोसवत नसेल, तेव्हा दुर्बिणीचा विचार करतात.