चहाचा पहिला कप



काही दिवसांपूर्वी प्रार्थना चालू असताना नववीतील एक विद्यार्थिनी चक्कर येऊन खाली बसली. कार्यालयात आणून पाणी दिले आणि विचारले, "बाळ, सकाळी काय खाल्लेस?" ती म्हणाली, "सर, चहा घेतली." बरोबर काय? दोन खारी. नंतर मी वरच्या वर्गांत सहज हात वर करायला सांगितले. नुसत्या चहावर शाळेत येणाऱ्यांचे हात मोजताना मला वाईट वाटले.

(मराठीत चहा 'घेतला' म्हणतात. पण गुजरातीतली चा स्त्रीलिंगी आणि हिंदीतली चायही स्त्रीलिंगी. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाल्यामुळे माझीही ही चूक होते आणि मराठीच्या बाई ती सर्वांसमक्ष दुरुस्त करतात.)

चहा वाईट आहे, असे मी सुरतेत राहून म्हणणार नाही. या गावाचे चहाशी नाते फार जुने आहे. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत आला होता. इथल्या इंग्रज वखारीतील रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, असे त्याने लिहून ठेवले आहे. लंडनच्या वर्तमानपत्रात चहाची जाहिरात आली ती त्यानंतर २० वर्षांनी, १६५८ मध्ये! पुढे १६९० च्या सुमारास वखारीचे पाद्री जॉन ओव्हिंग्टन इथे राहिले. सुरतेचे लोक चहात गरम मसाले, खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालतात आणि डोकेदुखी व पोटाच्या मुरड्यावर तो घेतात, असे त्यांनी लिहिले. इंग्लंडला परतल्यावर १६९९ साली त्यांनी चहावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. म्हणजे आपला मसाल्याचा चहा नवा नाही. मात्र तो चीनमधून येणारा, महाग, औषधासारखा बेताने घेण्याचा चहा होता. आसामचा चहा १८३९ साली प्रथम लंडनच्या बाजारात विकला गेला. आपल्या घराघरांत तो पोहोचला विसाव्या शतकात, चहा कंपन्यांच्या जोरदार प्रचारानंतर. त्याआधी आपल्या पणजी-खापरपणजीची सकाळ चहाविना होत असे, आणि चांगली होत असे.

आता चक्कर का येते ते पाहू. चहात टॅनिन जातीची द्रव्ये असतात. भाजी, डाळ, बाजरी यांतील लोहाला ती पोटात बांधून ठेवतात, त्यामुळे लोह रक्तात कमी जाते. जेवणाबरोबर चहा घेतला तर हे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांतील ५९ मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण पोळी-भाजीबरोबर चहा देण्याची आपल्या घरांतील पद्धत त्यात भर घालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे की जेवणाआधी व जेवणानंतर किमान एक तास चहा टाळावा.

दुसरी गोष्ट कॅफिनची. १५० मिलिलिटर चहात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. मोठ्या माणसाच्या शरीरातून त्यातले निम्मे जायला सुमारे पाच तास लागतात. परीक्षेच्या दिवसांत रात्री नऊला चहा घेऊन बसणाऱ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. झोप उडते, आणि पाठ केलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच.

म्हणून बारा वर्षांपर्यंत चहा नकोच. त्यानंतर सुरू करायचा असेल तर दिवसाला एक लहान कप, तोही काही खाऊन तासाभराने. शक्यतो स्वतः करावा. एक कप पाण्याचे आधण ठेवा. त्यात ठेचलेले आले आणि गवती चहाची दोन पाती टाका. आपल्या बाजारात भाजीवाल्याकडे 'लीली चा' म्हणून मागितले की मिळतात. उकळी आली की एक लहान सपाट चमचा पूड घालून दोन मिनिटे थांबा. मग अर्धा कप दूध, पुन्हा एक उकळी, आणि गाळा. आपण वापरतो ती दाणेदार पूड यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली असते. तिचा रंग व कडकपणा दोन मिनिटांत उतरतो. टपरीसारखा दहा मिनिटे उकळला की तुरटपणा वाढतो आणि तो झाकायला साखर वाढते. कपाला दोन चमचे साखर धरली तर तीन कपांत सहा चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर याहून कमी ठेवलेली बरी. मुलांना एक चमचा पुरे.

मार्केटची किंवा लूमची पहिली पाळी धरणाऱ्या आई-वडिलांना पहाटे स्वयंपाक जमत नाही, हे मला ठाऊक आहे. रात्रीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्याबाहेर काढून ठेवली तरी चालेल. मूठभर फुटाणे व गूळही चालेल. प्रार्थनेपूर्वी दहा मिनिटे सर्वांनी बसून काहीतरी खावे आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना फुटाणे-गूळ शाळेने द्यावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाकडे दिला आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. पालकांचे म्हणणे वर्गशिक्षकांमार्फत या महिनाअखेरपर्यंत कळावे.