मेमरीचे फड

पिंपळनेरच्या एखाद्या घरात मुले रात्री माइनक्राफ्टमध्ये आपले ठोकळ्यांचे गाव रचीत असता पडद्यावरील गाय जागीच थिजली, किंवा फोडलेला दगड क्षणार्धात पूर्ववत उभा राहिला, की सर्व दोष नेटच्या माथी मारण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तो पुष्कळदा खेळाचा सर्व्हर ज्या लिनक्स यंत्रावर चालतो तेथील मेमरीच्या वाटणीत असतो. हा सर्व्हर आपले जग सेकंदास 20 वेळा नव्याने मांडतो, म्हणजे प्रत्येक आवर्तनास त्याला 50 मिलिसेकंदांचीच मुदत. ती टळली की लॅग आलाच.

एका यंत्रावर अनेक सर्व्हर चालत असल्यामुळे प्रत्येकाचा हिस्सा बांधून देण्याची तरतूद लिनक्समध्ये 'सीग्रुप' या नावाने 2008 पासून आहे. पांझरेच्या खोऱ्यातील फडपद्धती ज्यांना ठाऊक आहे, बंधाऱ्याचे पाणी पाटकऱ्याच्या देखरेखीखाली फडाफडांत कसे फिरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस यातले तत्त्व अपरिचित वाटू नये.

सीग्रुपच्या नव्या आवृत्तीत हद्दी दोन. 'मेमरी मॅक्स' ही सक्त हद्द: ती ओलांडू पाहणाऱ्यासाठी कर्नल प्रथम जागा मोकळी करू पाहतो, आणि ते न साधल्यास 'ओओएम किलर' प्रोसेस तडकाफडकी बरखास्त करतो; निदान त्याची नोंद दफ्तरी राहते. मला अधिक घातक वाटते ती 'मेमरी हाय' ही मवाळ हद्द, कारण ती कोणाचा जीव घेत नाही, केवळ चाल रोखून धरून वापरलेली जागा परत वसूल करीत राहते.

त्यात माइनक्राफ्टचा मूळ सर्व्हर जावाचा, आणि जावास 'एक्सएमएक्स'ने लावलेली मर्यादा फक्त हीपपुरती, म्हणजे प्रोग्रॅमच्या वस्तू जेथे साठतात त्या जागेपुरती, असते; थ्रेड, कोड आणि बफर तिच्या बाहेर. साहजिकच 4 जीबीच्या हद्दीत 4 जीबीचा हीप मंजूर करणे म्हणजे बरखास्तीस आमंत्रण. 3 जीबीच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. फारच आखडता हात घेतला, तर हीपमधला केर काढणारा गार्बेज कलेक्टर वारंवार धावून खेळ खोळंबतो. जुन्या जावास तर सीग्रुपची हद्द दिसतच नसे: 64 जीबीच्या यंत्रावर जावा चतुर्थांश, म्हणजे 16 जीबी, आपलीच समजे. हा दृष्टिदोष जुन्या सीग्रुपपुरता 2018 च्या जावा 10 पासून, तर नव्या आवृत्तीसाठी 2020 च्या जावा 15 पासून गेला.

खरी परिस्थिती 'मेमरी इव्हेंट्स' या छोट्या फाइलीत उमटते. तीत 'ओओएम किल'पुढे शून्य आणि 'हाय'पुढचा आकडा मिनिटागणिक चढता असेल, तर सर्व्हर बंद पडलाच नाही हे चालकाचे म्हणणे खरे, आणि खेळ रखडतो ही मुलांची तक्रारही खरी.